कोराडीच्या पुढे लागणारं स्टेशन

६ नोव्हेंबर १९७८, सोमवार
नोकरी लागली! प्राध्यापकावर डस्टर भिरकावून कॉलेज सोडलं, तेव्हा भिवापूरभर झालं होतं की गणपतरावांचं पोरगं वाया गेलं. आता खापरखेड्याच्या वीज केंद्रात स्टोअरचा कारकून, मुक्काम सीताबर्डीत यमुआत्याकडे. सकाळी सातला कामगारांची बस. मांडीवर माझा ट्रान्झिस्टर पाहून म्हातारे फिटर नत्थूजी खोकत खोकत म्हणाले, "काहून गा कृष्णकांत, बाजा घेऊन सासरी चालला का?" सारी बस हसली. खिडकीशी बसलेली उत्तरासुद्धा. वसाहतीच्या शाळेत शिकवते. एरवी माझं डोकं फिरलं असतं. आज नाही फिरलं.

८ नोव्हेंबर
कोराडी ओलांडली की बस विजेच्या मोठ्या तारांखालून जाते. तिथे रेडिओ नुसता गुरगुरतो. आज त्या गुरगुरीतून गिटार निघाली! मागे ड्रम, वर किंचाळणारा इंग्रजी गळा. असलं रॉक जन्मात ऐकलं नव्हतं. उत्तरा जागा सोडून माझ्याशेजारी आली, कान ट्रान्झिस्टरला लावून. केसांना शिकेकाईचा वास. खापरखेड्याची चिमणी दिसेपर्यंत, मोजून बारा मिनिटं. निवेदक फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचतो, पत्ता मात्र सांगत नाही.

१० नोव्हेंबर, शुक्रवार
गंमत म्हणून नत्थूजींच्या नावाने फर्माइशीचं कार्ड लिहिलं. पाठवायचं कुठे? उत्तरा म्हणाली, आतच टाका नं! मागचं झाकण उघडून सेलांशेजारी खोचलं. आणि नाव वाचलं गेलं! नत्थूजी म्हणे, मले त एबीसीडी येत नाही बापा. हसून हसून पुरेवाट.

१३ नोव्हेंबर
नत्थूजी वारले. शनिवारी सकाळी, खाटेवरच. निवेदकाला आज खोकला झालाय. ओळखीचा वाटला.

१५ नोव्हेंबर
श्रीधर म्हणून नवा शिकाऊ इंजिनिअर आलाय. उत्तराशेजारी बसतो, गाण्यांचे शब्द तिला समजावून सांगतो. गाणं माझ्या मांडीवर, ती त्याच्या खांद्याशी. वर मलाच म्हणतो, आवाज वाढव नं गा! मी याचा नोकर?

१७ नोव्हेंबर, शुक्रवार
तिने त्याला संत्रं सोलून दिलं. एकेक फोड, शिरा काढून.
मी कार्ड लिहिलं. सीताबर्डीहून श्रीधर. कोराडीच्या आधी खोचलं. नाव आलं तशी दोघं टाळी देऊन हसली. मीही हसलो.

२० नोव्हेंबर
श्रीधर शनिवारी सकाळी गेला. हृदय, म्हणे. चोवीस वर्षांचं. उत्तरा माझ्याशेजारी येऊन रडली. मला बरं वाटलं. लिहूनच टाकतो, बरं वाटलं.
मग तारा आल्या. निवेदक बोलला — खोकला नव्हता — श्रीधरचा आवाज. तेच 'नं गा'.

२१ नोव्हेंबर
ती ट्रान्झिस्टर उराशी धरून बसते. माझा ट्रान्झिस्टर! तो आतून तिला शब्द समजावतो. मेला तरी — मेला तरी तिच्या कानाशी तोच.

२२ नोव्हेंबर
सेल काढून फेकणार होतो. तिने हिसकावला. झाकण उघडलं. माझं कार्ड तिथेच. अक्षर पाहत राहिली. ट्रान्झिस्टर परत दिला नाही.

२३ नोव्हेंबर
उद्या जाऊ नये. पण ती बारा मिनिटं एकटी, त्याच्यासोबत —

२४ नोव्हेंबर, शुक्रवार
बसमध्येच लिहितोय. कोराडी गेली. ती माझ्याकडे पाहून हसली. झाकण उघडून दाखवलं. कार्ड — तिचं गोल अक्षर. तिने माझं नाव लिहिलेलं, पहिल्यांदाच —
श्रीधर वाचतोय. सीताबर्डीहून कृष्णकांत —

२५ नोव्हेंबर
उजाडलं. अजून आहे. आत्याने चहा ठेवलाय. खाटेवरून उठवत नाही.
बस निघाली असेल. छातीत ड्रम —
श्रीधरने नत्थूजींना हाकललं. आता श्रीधरला मी. तिच्या मांडीवर, तिच्या कानाशी, रोज, बारा मिनिटं, मी एकटा —
पण तिने बटणच बंद केलं त