आईच्या गळ्यातलं नाणं

१० जानेवारी, शनि.
आईला जाऊन महिना झाला, काल चर्चमध्ये तिची मिस्सा झाली. आज पेटी उघडली. लुगडी, जपमाळ, आणि गळ्यातलं ते सोन्याचं नाणं. लहानपणी त्यावरच्या डोक्याला संत समजून आम्ही मुका घ्यायचो. धाकटा भाऊ व्हिक्टर म्हणतो, "मोडू या, पोरींना बाळ्या करू." मी 'बघू' म्हटलं. कुठे ठेवलंय ते त्याला सांगितलं नाही. का कोण जाणे.

१४ जाने.
मुंबईच्या नाणेतज्ज्ञ बाईंना फोटो पाठवला होता. उत्तर आलं. संत कसला, रोमचा बादशहा! जवळजवळ दोन हजार वर्षांचा. सोपाऱ्याच्या बंदरात तेव्हा तिकडची गलबतं यायची, नवल नाही म्हणाल्या. पण नोंदवायचं तर आधीचे मालक कळायला हवेत. आईच्या आधी आजी, म्हणजे तिची सासू. आजीच्या आधी?
व्हि.ला विचारलं. "मला काय ठाऊक."

१८ जाने., रवि.
व्हि. आज आपणहून: "आजीने सोपाऱ्याच्या सोनाराकडून घेतलेलं." चार दिवसांत कसं कळलं? म्हणे, आत्याने सांगितलं.
मिस्सेनंतर थेट निर्मळला, आत्याकडे. रोझी आत्या शहाऐंशीची. कान शाबूत, जीभही. कुठला सोनार विचारलं तर, "सोन्याला गाव विचारू नये." मग चहा पिता पिता एकदम, "ती अर्नाळ्याची माणकी परत आली होती का?"
कोण माणकी?
आत्याने जपमाळ हातात घेतली. जप चालू असताना बोलायचं नसतं. सोयीचं आहे.

२४ जाने.
अर्नाळा. माणकी कधीच गेली. तिची सून हिराबाई किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होती. नाव-गाव सांगितलं तसे तिचे हात थांबले. "भुईगावच्या मास्तरांची पोर तू? मंग येवढा वेळ का लागला?"
तिचं म्हणणं असं. तिच्या सासऱ्याला खाडीच्या वाळूत नाणं सापडलं. पुढे तो दर्यात गेला, होडी परत आली नाही. दीर घरातलं एकेक उचलायला लागले, म्हणून माणकीने नाणं माझ्या आजीकडे ठेवायला दिलं. मासळी देता देता दोघींची मैत्री झालेली. दोन वर्षांनी मागायला गेली तर आजी म्हणाली, कुठलं नाणं?
"डोक्याला पाला बांधलेला मानूस हाय त्याच्यावर."
बरोबर. मी नाणं दाखवलंही नव्हतं.

२५ जाने.
व्हि.ने फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलाय, दहा दिवसांपूर्वीच! तिथून कुठे कुठे फिरला असेल. म्हणजे पाल्याचा माणूस आता कुणालाही माहीत. हिराबाईने फोटो पाहून गोष्ट रचली असेल? "येवढा वेळ का लागला", हेही आधीच ठरवून...
उन्हात काळी पडलेली म्हातारी बाई. असा विचार केला याची लाज वाटली. तरी केला.

३१ जाने.
पुन्हा अर्नाळा. या वेळी मागची बाजू विचारली. तिच्यावर सोन्याचा पत्रा डाखलेला आहे, आम्हीही कधी पाहिली नाही. हि. लगेच म्हणाली, "बसलेली बाई. हातात फांदी. आनि पायाशी चाकूचा घाव. सोनं का पितळ बघाया सासऱ्यानं मारलेला."
"तुम्ही पाहिलाय?"
"नाय. सासू सांगायची. मरेस्तोवर सांगायची."

२ फेब्रु.
पारनाक्याच्या सोनाराकडे. व्हि.ला मुद्दाम नेलं, मागाहून मला खोटं पाडायला नको. पत्रा सुटला. बाई बसलेली. हातात फांदी. तिथूनच मुंबईच्या नाणेतज्ज्ञ बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, या बादशहाच्या नाण्यांवर बहुतेक हीच मूर्ती असते, कुठल्याही पुस्तकात सापडेल. म्हणजे हि.लाही कुठून तरी कळलं असेल. बरं वाटलं. मग सोनाराने भिंग पुढे केलं. पायाशी घाव. जुना, मळ भरलेला.
बाहेर आल्यावर व्हि. हळूच, "घाव झाकायलाच पत्रा लावला असेल का गं?"
माझ्याही मनात तेच.
"कुणाला सांगू नकोस. आजीचं गावात नाव आहे."
आईला माहीत होतं? जन्मभर गळ्यात घालून...

७ फेब्रु.
आत्याला सांगितलं, पत्रा काढला. तिने जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाली, "माणकीच्या सुनेला घेऊन ये. तू बाहेर बसायचं."

८ फेब्रु., रवि.
हिराबाईला घेऊन निर्मळला. दोघी आत, दार लावलेलं. मी पडवीत, रुमालात नाणं बांधून. परत द्यायचं ठरवूनच गेले होते. व्हि.चे तीन फोन. उचलले नाहीत.
पाऊण तास. आवाज एकदाही चढला नाही. मधेच कोणीतरी हसलं. का रडलं?
हि. बाहेर आली. मी रुमाल पुढे केला. तिने गाठ सोडलीसुद्धा नाही, माझी मूठ मिटवली. "ऱ्हाऊ दे तुज्याकडं. अजून."
अजून म्हणजे कधीपर्यंत? आत्या काय म्हणाली?
"तिलाच इचार."
आत गेले. आत्या उशीला टेकून, डोळे मिटलेले. "लीना, तिला विचार ना."
हिराबाईला रिक्षात बसवलं. येताना तिच्या पिशवीत सुकट होती, ती आत्याकडे राहिली. तरी जाताना पिशवी जड दिसली; आत्यानेच काहीतरी दिलं असणार. मी हात लावायला गेले तर तिने ती मांडीवर ओढून घेतली.
दोघींचं काहीतरी ठरलंय. माझ्यापासून लपवून, की माझ्याचसाठी, ते त्या दोघींनाच ठाऊक.