दर्ग्यापुढचा ब्रेक

सोमवार, श्रावणातली झड. दिवेलागणीची वेळ.

हा उजवा पाय तोडून ठेवावा वाटायलंय.

सकाळी आईला डायलिसिससाठी बीदर जिल्ह्यातल्याच आमच्या मेहकर गावातून बीदरला न्यायचं होतं. काळ्या मातीच्या चिखलात गाडी कशी चालवायची, हे मला काय माहीत न्हाई? दुसरा गिअर, एकसारखा वेग, आणि मेलं तरी थांबायचं न्हाई. अर्धा चिखल तसाच पार केला. मग शिवेवरचा दर्गा आला. तिथं गावातली प्रत्येक गाडी क्षणभर थांबते. शेजारी बसलेल्या आईनं हात जोडले आणि माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. झालं. चाकं जागच्या जागी फिरत रुतून बसली.

शेजारचे शिवाअण्णा ट्रॅक्टर घेऊन येईपर्यंत दोन तास गेले. "चिखलात कामून थांबलास रे?" म्हणाले. मी दर्ग्याकडं बोट दाखवलं. त्यांनीही आधी हात जोडले, मगच दोर बांधला.

दवाखान्यात आईची पाळी दुसऱ्याला गेली होती. उद्या या म्हणाले. आणि पाऊस अजून पडायलाय.

परतताना दर्ग्यापाशी मी ब्रेकला पाय लावला न्हाई. गाडी सरळ निघाली. कुणावर राग काढला मी? आईनंही या वेळी हात जोडले न्हाईत. नुसती म्हणाली, "उद्या न्हाई जायचं, बाबा. बास झालं आता."

'नेतो' म्हणायला हवं होतं. मी पुढं बघत नुसती गाडी चालवत राहिलो.