काळ्या मण्यांची माळ

कोल्हापूर,
सोमवार, दि. १० नोव्हेंबर २०२५

चि. राजनंदिनीस आईचे आशीर्वाद.

मी आणि तुझे आबा, आम्ही दोघं अंबाबाईच्या कृपेने बरे आहोत. मोहालीत थंडी पडली असेल. स्वेटर आहे तोच वापर, कोपर उसवला असेल तर रफू करून घे. अक्षर बघून घाबरू नकोस. पेन नीट चालत नाही.

मुरगूडच्या मामाच्या गुऱ्हाळावरची रानभेंडी वाळवून पार्सल केली आहे. रसाची मळी काढायला तिचं बुळबुळीत पाणी घालतात, हे तू विसरली नाहीस, बरं वाटलं. त्या पाण्यात तुझ्या प्रयोगशाळेतले जिवाणू, ते तुझे बारीक जीव, कसे पोहतात ते कळव.

तू पाठवलेला व्हिडिओ मी रोज बघते. साध्या पाण्यात सुसाट जातात. चिकट पाण्यात अडखळतात, वळवळतात, तरी तू चुंबक धरशील त्याच बाजूला जातात. पुढं कधीतरी हेच जीव अंगातल्या चिकट पाण्यातून औषध पोचवतील, म्हणालीस. आबांना दाखवलं तर म्हणाले, "हे चुंबकामागं पळत्यात, आन् आमची पोरगी ह्यांच्या मागं!"

एक विचारायचं होतं. चुंबक लावल्यावर त्यांना दुखतं का गं? आणि मोठ्या चुंबकात माणूस ठेवला तर?

सहज विचारलं.

बचत गटाचा हिशेब या महिन्यात शेजारच्या संयोगितानं लिहिला. मी नुसतं सांगत गेले. आता लपवून काय करू? पेन चांगलं आहे. दसऱ्यापासून माझा उजवा हात बधिर पडतो. डोक्यात गाठ आहे की आणखी काही, ते एमआरआय केल्याशिवाय सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

त्या मशीनच्या दारापर्यंत जाऊन मी परत आले. तिथली पोरगी म्हणाली, "मावशी, मंगळसूत्र, जोडवी सगळं काढा. आत मोठं चुंबक हाय."

मी म्हटलं, "सोनं कुठं चुंबकाला चिकटतं?"

"नियम हाय मावशी."

लग्नापासून मी ते गळ्यातून उतरवलेलं नाही. आबा तिथंच ओरडले, "अगं, मी जिता हाय न्हवं तुझ्यासमोर! काढ की!" सगळी रांग हसली. मी चपला घातल्या आणि बाहेर.

तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. जपाला बसले तरी दोन मणी ओढून उठते. तू सांगितलं होतंस, या जिवांच्या पोटात लोखंडाच्या काळ्या कणांची माळ असते, तीच त्यांना दिशा दाखवते. त्यांना कुणी माळ काढून या म्हणत नाही. माझीही काळ्या मण्यांचीच. ती काढून आत गेले तर मला दिशा कोण दाखवणार, असं वेड्यासारखं मनात येतं.

पुढच्या गुरुवारी, वीस तारखेला, पुन्हा नंबर आहे. यावेळी काढीन. काल देवीला तसं सांगून आले. आबा म्हणतात, "मी मुठीत धरून दारात हुबा ऱ्हातो, भिऊ नगंस."

तू येऊ नकोस. काम अर्धवट राहील, शिवाय ऐनवेळचं तिकीट महाग. तूच म्हणाली होतीस ना, तुझे जीव उत्तरेकडं निघालेले असतात, पण चुंबक फिरवलं की तसेच माघारी वळतात?

गुरुवारच्या आधी एकदा ते चुंबक दक्षिणेकडं फिरवून बघ.

तुझ्या दक्षिणेला असलेली,
आई