सोळावर थांबलेला जावई

तीर्थरूप मॉडताईस,

रीनोहून धाकट्या डेल्बर्टचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि मेंढ्यांची लोकर उतरवून झाली का? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. (सर्व म्हणजे मी सोडून. पण आधी हकिगत ऐक.)

माझ्या सासूबाई, ऑर्फाबाई, नेब्रास्काचं शेत विकून आमच्याकडे राहायला आल्या, हे तुला ठाऊकच आहे. वय ब्याऐंशी. येताना आपली निळी मोटार स्वतः चालवत आल्या आणि गेल्या आठवड्यात त्याच मोटारीनं आमच्या पाद्रीबुवांची टपालपेटी आडवी केली. (पेटीच फार पुढे आली होती, असं त्यांचं म्हणणं.) तेव्हा आमच्या सौभाग्यवतीनं, आर्डिथनं, फर्मान काढलं की आईची किल्ली काढून घ्यायची, आणि ती तुम्ही घ्यायची. एरवी ती मला 'अरे-तुरे' करते; अवघड काम निघालं की मी 'तुम्ही' होतो.

म्हटलं, आधी म्हातारीला पोटभर खाऊ घालावं. म्हणून दुपारी कॅसिनोत नेलं; तिथलं भाजलेलं बीफ स्वस्त आणि मऊ असतं. ताट पुसून झाल्यावर मी किल्लीचा विषय काढला. बाई रडतील अशा तयारीनं रुमालही काढून ठेवला होता. त्यांनी त्याला हात पुसले आणि म्हणाल्या, "देते की, जावईबापू. पण फुकट नाही. चला त्या एकवीसच्या टेबलावर. दोघांनी सारख्याच पैशांच्या चकत्या घ्यायच्या. ज्याच्या आधी संपतील, त्यानं किल्लीचं नाव काढायचं नाही." ताई, मला मनातून उकळ्या फुटल्या. तीस वर्षं या जुगारी रीनोचं पाणी प्यालेला मी, आणि समोर आयुष्यभर चर्चच्या भोजनाला बटाट्याचं सॅलड नेणारी मेथडिस्ट विधवा!

पत्ते वाटायला लुझ नावाची फिलिपिनो बाई होती. तिचं एक पान उघडं, एक झाकलेलं. माझं धोरण तुला माहीत आहे: बेरीज बारा झाली की हात आखडता घ्यायचा. एकवीसच्या पुढे गेलो तर आपण मेलो. त्यापेक्षा गप्प बसावं, वाटणारीच मरेल कधीतरी. ऑर्फाबाईंचं भलतंच. लुझचं पान सहा असलं की माझ्यासारख्याच बारावर हात हलवून थांबायच्या. पण दहा किंवा एक्का दिसला की चौदावरही टेबलावर बोट आपटून पान मागायच्या. मागायच्या आणि मरायच्या! पुन्हा तसंच हातात आलं की पुन्हा मागायच्या. मला राहवेना. म्हटलं, "आई, कशाला हौसेनं मरताय?"

"तिचं पान बलवान आहे, बापू. थांबलं तरी बहुतेक वेळा मरण, घेतलं तरी बहुतेक वेळा मरण. पण घेतलं तर जरा कमी. त्या 'जरा कमी'साठी खेळायचं."

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"एमरीनं, तुमच्या सासऱ्यानं. म्हणजे तो गेल्यावर. हिवाळ्यात बर्फ पडलं की स्वयंपाकघरात बोलायला कुणी नसायचं. मग मी त्याच्या खुर्चीपुढे पान उघडं टाकायचे, नि माझ्यापुढे दोन. मेला नेहमी दहाच घेऊन बसायचा." असं म्हणून बाई हसल्या. लुझचा पत्त्यांवरचा हात क्षणभर थांबला.

शेवटी माझ्या उरलेल्या सगळ्या चकत्या मी पुढे सरकवल्या. बाईंकडेही दोनच राहिल्या होत्या, त्याही त्यांनी लावल्या. लुझचं उघडं पान बादशहा, म्हणजे दहा. मला सोळा, बाईंना दहा नि सहा, सोळाच. मी दात आवळून थांबलो. आणि ताई, आठवड्याभराचं वाळवण आवरावं इतक्या शांतपणे बाईंनी चकत्यांच्या मागे बोटानं एक आडवी रेघ ओढली. शरणागती! अर्धं तिला, अर्धं आपल्याला. लुझनं झाकलेलं पान उलटलं: राणी, म्हणजे तिचे वीस. माझं सगळं गेलं, किल्लीसुद्धा. बाईंपुढे एकुलती एक चकती राहिली, आणि त्या एका चकतीमागे त्या अशा ताठ बसल्या होत्या की मी नकळत टोपी काढली. एवढं सुंदर हरताना मी आजवर कुणाला पाहिलं नाही. मी तर जिंकतानासुद्धा गबाळा दिसतो.

तुझा,
डेल्बर्ट

ता. क. आर्डिथला हे समजलं. तुझी मागची खोली काही दिवस रिकामी मिळेल का?

दुसरं ता. क. ऑर्फाबाईंनी पत्र वाचलं. म्हणतात, "दोन अठ्ठे आले तर सोळा समजून शरण जायचं नसतं, जोडी फोडून दोन डाव करायचे. बहिणीला अर्धवट ज्ञान देऊ नका." (हे त्यांनी मोटार चालवता चालवता वाचलं.)

तिसरं ता. क. होय, आम्ही दोघं तुझ्याकडेच निघालोय. रस्त्याकडे बघवत नाही म्हणून लिहीत बसलोय. अक्षर सांभाळून घे. लव्हलॉक गाव मागे पडलं. उत्तर पाठवायच्या भानगडीत पडू नकोस, पत्र हातातच देईन, ते दारात उभ्या उभ्या वाच. बाईंनी आत्ताच विचारलं, तुमच्या बहिणीकडे ट्रॅक्टर आहे का. मी नाही म्हणालोय. तूही नाहीच म्हण.