भुशाची शेगडी आणि सोडलेला चहा

शनिवार, ४ जानेवारी १९९७

शेगडीची राख काढली. शनिवारचा नेम मोडला नाही. ह्यांना दारात खुर्चीवर बसवलं आणि समोरच शेगडी उपडी केली. सूपभर राख निघाली, चाळून भांड्यांना ठेवली. खालचं तोंड काजळीनं निम्मं बुजलं होतं, ते उलथन्यानं खरवडलं. आतल्या मातीला बोटभर चीर. शेणमाती कालवून लिंपली.

हे नुसते बघत होते. दिवाळीत अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून उजवा हात आणि वाचा दोन्ही गेली. डॉक्टर म्हणाले, "बोलत राहा त्यांच्याशी. वाचा परत येऊ शकते." दोन महिने मी एकटीच बोलते आहे!

रविवार, ५ जानेवारी

लेप वाळला. शेगडी भरली.

हे खरं दोन माणसांचं काम. खालच्या तोंडातून लाटणं आत सारायचं, त्यावर मधोमध बाटली उभी धरायची आणि भोवतीनं कोरडा भुसा ठेचत जायचं. मग लाटणं ओढायचं, बाटली फिरवत अलगद उपसायची. झाला जाळाला रस्ता! बाटली कलली की भुसा ढासळतो आणि नुसता धूर.

लग्न होऊन आले तेव्हा हे लाकडाच्या मिलमध्ये मिस्त्री. पत्र्याचा डबा कापून ही शेगडी ह्यांनीच केली. मी बाटली धरायची, हे ठेचायचे. आणि सारखं — "वाकडी! वाकडी धरलीस!" मी मॅट्रिक पास, पण बाटलीत नापास. एकदा चिडून म्हटलं, "तुमचीच नजर वाकडी हाय!" सासूबाई पदर तोंडाला लावून हसल्या. हे दिवसभर बोलले नाहीत. संध्याकाळी मात्र खिशातून भजी काढली. भज्यांना भुसा चिकटलेला. तशीच खाल्ली!

आता बाटली गुडघ्यांत धरते. अगदी सरळ राहते. एवढ्या वर्षांनी जमलं, आणि बघून काही म्हणायला कोणी नाही.

गुरुवार, ९ जानेवारी

शेजारच्या शालूबाई दत्ताच्या वाडीहून अंगारा घेऊन आल्या. ह्यांच्या कपाळाला लावला. "भावजी, दत्त म्हणा. द — त्त." हे छताकडं बघत राहिले. डोळ्यांच्या कडा ओल्या.

मी दत्तमहाराजांपुढं बोलून टाकलं — ह्यांच्या तोंडून तुमचं नाव येईपर्यंत चहा बंद.

"चहा? आनि तू?" शालूबाई म्हणाल्या. "अगं, आठ दिवसांत तूच खाटेवर पडशील की!"

शुक्रवार, १० जानेवारी

डोकं दुखतंय.

शनिवार, १८ जानेवारी

राख काढली. मिलमधला पिराजी सायकलवर भुशाचं पोतं लादून आला. "वैनी, मिस्त्रींच्या नावानं अजून बाजूला काढून ठेवतोय बघा. सागवानाचा हाय, सुका खडखडीत." मूठभर भुसा ह्यांच्या डाव्या हातात दिला. ह्यांनी हात नाकाशी नेला. कितीतरी वेळ तसाच ठेवला. पिराजी चहा न घेताच गेला.

पूर्वी ह्यांच्या सदऱ्याला हाच वास यायचा. कितीही धुतला तरी.

संध्याकाळी पृथ्वीराज सांगत आला, गॅसचा नंबर लागला. "आई, आता ती शेगडी भंगारात. आबा धुरानं खोकतात, तुला दिसत न्हाय व्हय?"

दिसतंय. पोराचं काही चुकत नाही.

शनिवार, २५ जानेवारी

गॅस आला. हळद-कुंकू वाहिलं. दूध क्षणात उतू गेलं!

भंगारवाला उद्या येणार. द्यायची तर स्वच्छ द्यायची. राख काढली, तोंड खरवडलं, बाहेरून गेरू लावला. पृथ्वीराज हसला. "भंगाराला गेरू? काय आई तू!" लावता लावता पत्र्यावरच्या ह्यांच्या हातोडीच्या खुणा बोटांना लागल्या. मग मलाच पुढं दिसेना.

रविवार, २६ जानेवारी

पोत्याच्या तळाशी भुसा होता. टाकायचा कशाला? म्हटलं, आंघोळीचं शेवटचं पाणी तापवू. ह्यांना समोर बसवलं. चहाविना डोकं ठणकत होतं. ठेचता ठेचता गुडघे सुटले आणि बाटली कलली.

"वा... कडी."

जड जीभ. पण तोच राग!

पृथ्वीराज हातातला दात घासायचा ब्रश टाकून धावत आला. हे बोट दाखवत होते, बाटलीकडं. पुन्हा म्हणाले.

महाराज, नाव तुमचं नव्हे, ठाऊक आहे. समजून घ्या. दोन कप चहा टाकला, गॅसवरच. शेगडी नुसती धुमसली, पाणी काही तापलं नाही.

भंगारवाल्याला परत पाठवलं. उद्याही बाटली वाकडीच धरणार.