मुखवटा क्रमांक नऊ

मी, राजाराम सोनकांबळे, चित्रांवरची सही 'विद्याधर', वय ७२, निवृत्त चित्रकला शिक्षक, राहणार वाकोला, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणाचाही धाक नसताना हे लिहून ठेवतो. हे तिसरं मृत्युपत्र. आधीची दोन मीच फाडली. कारण कलम चार.

१. खोली व बँकेतली ठेव मुलगी संघमित्रा हिला. खिडकी अडकते, वरच्या बाजूनं ढकलावी.

२. ब्रश, ईझल माझ्या शाळेला. कपाटात कुलूपबंद ठेवू नयेत. पोरांनी वापरून खराब करावेत.

३. समीक्षक केतन यांना त्यांच्या लेखांची कात्रणं परत. 'मुखवटा म्हणजे आधुनिक माणसाचं तुटलेपण', असं ते तीस वर्षं लिहीत आले. परदेशी चित्रकारांनी, नाटककारांनी मुखवटा का घेतला, हे त्यांना तोंडपाठ. मी का घेतला, ते त्यांनी विचारलं नाही. मीही नुसता मान डोलवत राहिलो.

४. 'मुखवटा क्रमांक ९' विकू नये. १९९१ साली माझ्या पहिल्या प्रदर्शनाला आई, रुक्मिणीबाई, भाकरीचा डबा घेऊन आली. आडनाव कळलं की लोकांची नजर बदलते, म्हणून मी ते लपवत होतो. एका गिऱ्हाइकानं विचारलं, "या कोण?" मी म्हणालो, "आमच्याकडे कामाला असतात." आई म्हणाली, "व्हय, कामालाच हाय," आणि डबा ठेवून गेली. पुढं अकरा वर्षं जगली, पण माझ्या प्रदर्शनाला पुन्हा आली नाही. मला अजून स्वस्थ बसवत नाही.

मग मी तिचा चेहरा तैलरंगात केला. वाळल्यावर बघवेना, म्हणून वरून पोस्टर कलरनं मुखवटा काढला. तेलावर पाण्याचा रंग धरत नाही. त्यात साबण कालवला की धरतो. माझ्या यादीत चित्र नववं, पण मुखवटा हा पहिलाच. चित्र गाजलं. पुढचे सगळे मुखवटे मागणी होती म्हणून काढले.

क्रमांक ९ वरचा मुखवटा ओल्या फडक्यानं निघेल. माझ्या पश्चात संघमित्रानं पुसावा, असं मी आधी लिहिलं होतं. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही लपवलं ना? मग तुम्हीच पुसा. मी का?"

५. कलम चारमधलं पुसण्याचं काम रद्द. आज साक्षीदार यायच्या आत मी फडकं फिरवलं. एक गाल, एक डोळा उघडा झाला, मग फडकं बाजूला ठेवलं. तेवढ्यात शेजारचा किरण सहीला आला. चित्राकडे बघून म्हणाला, "काका, या कोण?"

"माझी आई," मी म्हणालो.

उरलेला अर्धा उद्या पुसतो. चित्र संघमित्राला.

सही: राजाराम रुक्मिणी सोनकांबळे

साक्षीदार: १. किरण जाधव २. डॉ. उत्तरा मोहिते

वाकोला, मुंबई. ९ फेब्रुवारी २०२५