पांढऱ्या झाकणाची बाटली

तीर्थरूप भाऊजींना,

तुमच्या मेव्हण्याचा वाकून नमस्कार. (इथं वाकलो तर तुम्हाला दिसणार नाही हे कळतं, तरी टेबलाशी बसल्या बसल्या जमेल तेवढा वाकलो आहे.) तुमचा नवा गुडघा कसा आहे? ताई म्हणाली की टाके चांगले भरले, जेवण पूर्वीसारखं आहे आणि चिडचिडही पूर्वीसारखी आहे, तेव्हा काळजीचं कारण दिसत नाही. परवा तुम्ही तक्रार केलीत की डॉक्टरांनी दिवसातून एकदा वीस मिनिटं चालायला सांगितलं असताना सकाळी ताई नेते, दुपारी लेक नेते आणि संध्याकाळी जावई नेतात, आणि प्रत्येक जण म्हणतो की आपणच तेवढे नेतोय. माणसं अशी का वागतात काही कळत नाही. असो.

पत्र लिहिण्याचं कारण असं की फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. टाकीचा आकडा विचारता, मी ‘आठ’ म्हणतो, तुम्ही ‘बरं’ म्हणून ठेवून देता. आता कबूल करतो की मध्यंतरी मी तुम्हाला जेवढे आठ सांगितले त्यातले पंधरा-वीस आठ नव्हते. तुम्ही ऑपरेशनच्या खाटेवर, आणि मी काय सांगणार होतो? पण आता तुम्ही काठी घेऊन जिना चढता असं ऐकलं, म्हणजे हेही झेपेल.

पहिल्यापासून सांगतो. तुम्ही आणि ताई लेकीकडे गेलात आणि तुमच्या घराची किल्ली वरच्या मजल्यावर आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्यावर आली. तुमच्या हॉलमधल्या खाऱ्या पाण्याच्या, प्रवाळाच्या टाकीची जबाबदारी माझ्यावर आली, ती तुम्हाला दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून, याचा मला गैरसमज नाही. अठरा वर्षांपूर्वीचे तुमचे सात गोल्डफिश तुम्ही विसरला नाहीत आणि मीही नाही. जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत मी तेव्हा रोज पाण्याचा क्लोरीन ठरवायचो. त्या दिवशी नदीला गढूळ पाणी आलं म्हणून सकाळी मीच क्लोरीन वाढवायला सांगितला, आणि संध्याकाळी तुमच्या घरी येऊन मदत म्हणून मीच नळाचं पाणी थेट टाकीत ओतलं. अख्ख्या गावाचं पाणी सांभाळणाऱ्या माणसाला हे सुचू नये? तेव्हापासून तुमच्या घरात पाण्याचा ग्लाससुद्धा मला कोणी भरू देत नाही.

म्हणून या वेळी मी ठरवून बसलो होतो. आयुष्यभर नकाशे काढलेल्या माणसानं लिहिलेली तुमची अकरा पानी वही मी तीनदा वाचली (पान सातवरचं पंपाचं चित्र फ्रेम करून लावावं असं आहे). उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणीच घालायचं, कारण मीठ उडत नाही. पांढऱ्या झाकणाच्या बाटलीतलं क्षारतेचं द्रावण रोज एक झाकण, लाल झाकणाच्या बाटलीतलं कॅल्शियमचं एक झाकण, दोन्हींमध्ये अर्धा तास. मग टाकीतलं पाणी काचेच्या नळीत घेऊन थेंब टाकत जायचं, आणि आठव्या थेंबाला निळं पाणी पिवळं झालं पाहिजे; जास्त थेंब लागले म्हणजे क्षारता जास्त. एवढ्या साध्या कामाला तुम्ही अकरा पानं का घेतलीत असंही मनात आलं होतं, ते मागे घेतो.

सहा दिवस आठव्या थेंबाला घड्याळ लावावं तसं पिवळं. सातव्या दिवशी नववा थेंब लागला. आठवडाभरात दहावा. मी पांढरी बाटली बंद केली, एक झाकणही घालेना, तरी अकरावा. आता न घालता वाढायचं कसं? आमच्या खात्यात अशा वेळी आधी उपकरणाला दोष द्यायची पद्धत आहे, म्हणून मी तपासणीची नवी पेटी आणली. तिनं बारा दाखवले. मग मिठाच्या पिशवीवर संशय घेतला, मग गाळणीवर, मग टाकीतल्या दगडांवर. एक दगड घरी आणून साध्या पाण्यात तीन दिवस बुडवून ठेवला. (हिनं विचारलं काय शिजतंय, मी म्हटलं संशोधन.) माशांच्या दुकानदाराकडे बाटलीत पाणी घेऊन गेलो. त्यानं तपासलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला की काका, यात कोणीतरी घालतंय. मला त्याचा राग आला. अठ्ठावीस वर्षं पाणी तपासलेल्या माणसाला हा सांगणार! मी दुकान बदललं.

आणि मग एका सकाळी खाली आलो तर टाकीत भुरभुर पांढरं काहीतरी पडत होतं. पाणी ताकासारखं झालेलं. क्षारता फार झाली की कॅल्शियम पाण्यात राहात नाही, चुना होऊन खाली बसतो, हे मला पुस्तकातून माहीत होतं, बघायला तुमच्याच हॉलमध्ये मिळालं. पंपावर चुन्याचा थर बसून तो घरघरत होता. आणि तुमची धाकटी मिटलेली होती.

तुम्ही त्या हिरव्या प्रवाळाला धाकटी म्हणता यावर मी पूर्वी हसलो आहे. त्या दिवशी हसू आलं नाही. लेक शिकायला बाहेरगावी गेली त्या आठवड्यात तुम्ही अंगठ्याच्या नखाएवढा तो तुकडा आणलात, आणि नऊ वर्षांत त्याचा फुलकोबीएवढा गड्डा केलात. एरवी तिची सगळी बोटं पाण्यात हलत असतात. त्या सकाळी एकही बाहेर नव्हतं, नुसता पांढुरका सांगाडा दिसत होता. मी टाकीसमोर खुर्ची ओढून बसलो आणि खरं सांगतो भाऊजी, मला रडू आलं. निम्मं तिच्यासाठी आणि निम्मं सात गोल्डफिशसाठी. मग उठलो, तोंड धुतलं आणि ठरवलं की कारण सापडल्याशिवाय या घरातून हलायचं नाही.

दुकानदाराचं ‘कोणीतरी घालतंय’ आठवलं, म्हणून किल्ली वर खिळ्याला लावून आलो, दार ओढून घेतलं आणि हॉल आणि आतल्या खोलीच्या मधल्या पडद्यामागे स्टूल टाकून बसलो. सव्वादोनला कुलूप वाजलं. आई. चपला दाराशी काढल्या, चष्मा लावला, धाकटीला ‘काय गं, बरं वाटत नाही का’ असं विचारलं, पांढऱ्या झाकणाची बाटली काढली आणि एक झाकण पाण्यात ओतलं. मग जरा विचार करून आणखी थोडं. (लहानपणी मला खोकल्याचं औषध ती अशीच द्यायची, एक चमचा आणि वर मायेचं थोडं.) मी पडदा सारून पुढे आलो. तिला काही वाटलंच नाही.

‘जावयांनी फोन करून सांगितलंय रोज घालायला. तुला सांगू नको म्हणाले, म्हणून नाही सांगितलं. आता तूच बघितलंस तर मी काय करू?’ (तिचे जावई म्हणजे तुम्ही.)

आम्ही दोघं तिथंच बसलो होतो, तोवर चार वाजता ही आली. हिच्या हातात इंजेक्शनची सिरिंज, सुई काढलेली, आणि एक छोटी डायरी. झाकणानं माप नीट होत नाही म्हणून ही मिलिलिटरमध्ये घालत होती. तारीखवार नोंदी, खाली सही. पाच आठवड्यांत एकही खाडा नाही. मी डायरीची पानं उलटत होतो, तर ही म्हणते, ‘भाऊजींनी मला तुमच्यावर लक्ष ठेवायला सांगितलंय, आणि मी ठेवलंय.’

तर भाऊजी, असं आहे. तुम्ही मला वही दिलीत, सहाव्या दिवशी आईला फोन केलात की मेव्हणा विसरेल, तुम्ही एक झाकण घालत जा, आणि त्याच दिवशी हिला फोन केलात की सासूबाईंच्या लक्षात राहणार नाही, तुम्ही घालत जा. दोघींनी तुमचा शब्द पाळला. माझी आई तुमचा शब्द पाळते आणि माझी बायकोही तुमचा शब्द पाळते, हे सुद्धा मला त्याच दिवशी कळलं. मला राग आला, त्याहून जास्त वाईट वाटलं. मी विसरलो नव्हतो. एक दिवससुद्धा विसरलो नव्हतो.

पण रागावून पाणी खाली येत नाही. तुमच्या पान चारवर लिहिलंय की चूक सुधारतानाही घाई करू नये, दिवसाला एका थेंबाहून जास्त उतरवू नये, नाहीतर वाढल्यानं वाचलेलं प्रवाळ उतरल्यानं जातं. त्या पानासाठी तुमचे बाकीचे सगळे फोन माफ. खिळ्यावरची किल्ली आता माझ्या खिशात असते. तिघं रोज सकाळी एकत्र खाली जातो. मी थेंब टाकतो, ही मोजते आणि आई रंग ओळखते (तिला पिवळं दिसल्याशिवाय आम्ही मानत नाही). दोन्ही बाटल्यांना हात नाही. पंप काढून सौम्य आम्लात बुडवला, चुना सुटला. रोज एक बादली पाणी बदललं, नवं पाणी आदल्या दिवशी मीठ कालवून, मोजून, टाकीएवढं कोमट करून. बारा, अकरा, दहावर तीन दिवस अडकलं, ही म्हणाली तुम्हाला कळवू, मी म्हटलं आठ झाल्यावर कळवू. मग नऊ.

गेल्या गुरुवारी आठवा थेंब पडला आणि आई म्हणाली पिवळं. शनिवारी धाकटीची कडेची दोन बोटं बाहेर आली. आज सगळी आली आहेत. डावीकडे रुपयाएवढी जागा अजून मोकळी आहे, ती भरेल असं दुकानदार म्हणतो (जुना. मी त्याची माफी मागून परत गेलो). तुम्ही पुढच्या महिन्यात याल तेव्हा टाकी माझ्याच हातातून परत घ्याल, एवढं मी ठरवलं आहे.

ताईला नमस्कार, लेकीला आणि जावयांना आशीर्वाद.

तुमचा,
मेव्हणा

ता. क. पंप काढताना माझं कोपर लागून धाकटीचा एक तुकडा मोडला. अंगठ्याच्या नखाएवढा. तो दगडावर चिकटवून टाकीच्या उजव्या कोपऱ्यात ठेवला आहे आणि त्यानं काल एक बोट बाहेर काढलं. वर आमच्या हॉलमध्ये खिडकीपासून लांब एक जागा मोकळी आहे. लहान टाकी मी बघून ठेवली आहे. तुमचा माझ्यावर भरवसा बसला असेल तर तो तुकडा मला राहू द्या, आणि नसेल बसला तर आल्यावर महिनाभर माझे आठ थेंब स्वतः मोजा, मग द्या. खरं म्हणजे एवढंच विचारायचं होतं.

पुन्हा ता. क. पत्र बंद करणार होतो, पण ही म्हणते की खरं ते सगळं लिहा. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात मी ताईला फोन केला होता की भाऊजी चालायचा कंटाळा करतील, तू रोज ने. मग वाटलं ताईचं ते ऐकणार नाहीत, म्हणून लेकीला केला. आणि ती दिवसभर कामात असते, म्हणून जावयांना. एकमेकांना सांगू नका असंही सांगितलं. आज तिघांना फोन करून थांबवतो. उद्यापासून तुम्ही एकदाच चाला. पण ते एकदा मात्र चुकवू नका, मी रोज विचारणार आहे, आणि आता तुम्हालाच विचारणार आहे.